तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं सांभाळत बागेत लँडस्केप कसं काढायचं?

‘लहान मुलं सोबत असताना बागेत लँडस्केप फोटो काढायला वेळ कसा मिळतो?’ हा प्रश्न सारखा येतो. खरं उत्तर असं, की वेळ मिळत नाही. मिळतात त्या फेऱ्या. मूल चालायला लागलं की बाग जवळपास रोजची होते, आपल्याला हवी असो वा नसो. डोंगरमाथ्यावर जाणारा फोटोग्राफर एका पहाटेवर सगळी भिस्त ठेवतो. तुमच्या वाट्याला त्याच एका झाडाच्या वर्षभराच्या पहाटा येतात, फक्त एका वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. तेव्हा विचार सगळा घरी करायचा आणि बागेत फक्त फ्रेम उचलायची.

पहिलं काम जागा ठरवायचं. चार-पाच पुरेत. मागे इमारत नको, तारा नकोत, हे निकष लावाच. पण त्याआधी एक गोष्ट बघा. कॅमेरा जिकडे वळतो तिकडेच मूल खेळू शकतं का? दृश्य समोर आणि घसरगुंडी पाठीमागे अशी जागा कितीही देखणी असली तरी बाद. हिरवळीचा उतार, खाली झाडांची रांग आणि मूल उतारावर, ही रचना सर्वांत सोयीची. मूल नजरेसमोर राहतं आणि झाडाचा आकार कळावा म्हणून हवं तर फ्रेममध्येही घेता येतं. पाठमोरं, फ्रेमच्या उंचीच्या विसाव्या हिस्स्याएवढं दिसलं तरी पुरे. कॅमेरा डोळ्याला लावण्यापेक्षा छातीशी धरून मागच्या स्क्रीनवर बघावं. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) एक डोळा गुंतला की दुसरा उघडा असूनही काही बघत नाही.

तळ्याकाठी मात्र तडजोड नाही. दुसऱ्या मोठ्या माणसानं मुलाचा हात धरलेला नसेल तर तिथे कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. पाच सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना बहुतेक वेळा आवाज होत नाही. एकट्यानं तळं टिपायचं असेल तर काठापासून लांबच्या बाकावरून टेली लेन्सनं (दूरचं जवळ आणणाऱ्या) टिपा. त्यात फोटोचं नुकसानही नाही. पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर तळ दिसतो. लांबून, तिरप्या नजरेनं पाहिलं की प्रतिबिंब जास्त ठळक होतं.

आता उजेड. ‘पहाटे उठणं जमत नाही’ ही तक्रार शहरातल्या बागेपुरती तरी निम्मी खोटी आहे. सूर्य क्षितिजावर आला म्हणून ऊन बागेत उतरत नाही. पूर्वेला १५० मीटरवर ३० मीटर उंचीची इमारत असेल तर सूर्य साधारण ११ अंश वर आल्याशिवाय पहिली तिरीप झाडांवर पडत नाही. म्हणजे सूर्योदयानंतर पाऊण ते एक तास. तोवर मूल उठतं, आवरतं, बुटांवरून भांडतं आणि तुम्ही बरोबर वेळेवर पोचता. ठरवलेल्या प्रत्येक जागी पहिलं ऊन किती वाजता पोचतं हे महिन्यातून एकदा फोनमध्ये टिपून ठेवा. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ही नोंद भरवशाची, कारण अ‍ॅपला समोरची इमारत माहीत नसते.

सूर्य उगवायची जागाही वर्षभर क्षितिजावर सरकत असते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला, ती सर्वांत वेगानं सरकते. रोज जवळपास सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी. जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र जवळजवळ थांबलेली असते. याचा हिशेब सरळ आहे. पायवाटेच्या बरोबर टोकाला सूर्य, ही फ्रेम मार्चमध्ये दोन-तीन दिवसच मिळणार, आणि नेमकं तेव्हाच मूल तापानं फणफणलेलं असणार. जून-डिसेंबरच्या फ्रेमांना दोन आठवड्यांची सवड असते. मुलं लहान असेपर्यंत त्या आधी धराव्यात.

लेन्स एकच न्यावी, आणि ती वाइड नसावी. लँडस्केप म्हटलं की लोक १६ किंवा २४ मिलिमीटरची लेन्स लावतात; हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद (वाइड). बागेत त्यानं कचरापेटी, सूचनेचा फलक, दिव्याचा खांब आणि पलीकडची पार्किंग असं सगळं आत येतं. फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, असलेल्या कॅमेऱ्याच्या) हिशेबानं ७० ते १३५ मिलिमीटरमध्ये बाग खरी सापडते. दोन खोडांमधली फट, उतारावरच्या लांब सावल्या, एकामागे एक उभे पानांचे पडदे. शिवाय बाग आखणाऱ्यानं दृश्यं आधीच रचलेली असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि वॉक्स या रचनाकारांनी केलेल्या आराखड्यात आडवे जाणारे रस्ते जमिनीच्या पातळीखाली घेतले होते, हिरवळीवरच्या माणसाला रहदारी दिसू नये म्हणून. आपल्याला रस्ता खाली घेता येत नाही, पण कॅमेरा नेता येतो. जमिनीपासून ४०-५० सेंटीमीटरवर धरला की पुढचं गवत उंच दिसतं आणि मधली सिमेंटची वाट त्याच्याआड जाते.

फ्रेम शोधायला कॅमेरा लागतच नाही. जाड पुठ्ठ्यात ९ बाय ६ सेंटीमीटरची खिडकी कापा. ही फुल फ्रेम सेन्सरच्या अडीच पट आहे. म्हणून डोळ्यापासून जितक्या मिलिमीटरवर धराल, त्याला अडीचनं भागलं की लेन्स कळते. १२५ मिलिमीटरवर धरली तर ५०ची लेन्स, २१ सेंटीमीटरवर ८५ची, ३४ सेंटीमीटरवर १३५ची. एक डोळा मिटून बघायचं आणि खिडकीच्या कडेला सुतळी बांधून त्या अंतरांवर गाठी मारायच्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला ही खिडकी फार आवडते आणि त्यानं धरलेली चौकट कधीकधी आपल्यापेक्षा बरी असते. फाटली तर नवी कापायला दोन मिनिटं.

सेटिंगं घरीच करून कॅमेऱ्याच्या सी-१ मध्ये (डायलवर आपली सेटिंगं साठवायची जागा) साठवून ठेवा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्यानं), एफ/८ (छिद्राचं माप; आकडा मोठा तसं छिद्र लहान), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो १०० ते ३२००, शटर किमान १/१२५ सेकंद, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) डेलाइट, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७. प्रत्येकामागे कारण आहे. १/१२५ पेक्षा हळू गेलात तर मंद वाऱ्यातही पानांची टोकं पुसट होतात. झुळूक जाणवण्याइतकी असेल तर १/२५० करा. उणे ०.७ अशासाठी, की पानांमधून डोकावणारं आकाश आधी पांढरं होतं आणि ते परत आणता येत नाही, सावली मात्र रॉमधून उचलता येते. ऑटो व्हाइट बॅलन्स कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो, तो नको. दाट झाडीखाली सगळ्यावर हिरवट झाक येते. ती घरी सॉफ्टवेअरमध्ये टिंटचा (रंगछटेचा) स्लायडर थोडा मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, सरकवला की जाते. सी-२ मध्ये मुलांचं सेटिंग ठेवा, शटर १/५०० आणि फोकस सतत पाठलाग करणारा. मूल अचानक धावत आलं की एकच डायल फिरवायची.

एफ/१६ वर जाण्याचा मोह टाळा. डिफ्रॅक्शननं (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) एकूण धार बोथट होते आणि शटरही दोन स्टॉप हळू पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). जवळचं गवत आणि दूरची झाडं दोन्ही हवीत म्हणून कधी वाइड लेन्स नेलीच, तर फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ/८ ला २.४ मीटरवर फोकस लावा, १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरला हेच अंतर १.६ मीटर. टेलीला हा हिशेब लागू नाही. तिथे मुख्य झाडावर फोकस लावायचा आणि पुढचं धूसर होऊ द्यायचं.

ट्रायपॉडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मूल चार वर्षांचं होईपर्यंत घरी ठेवा. बऱ्याच बागांत त्याला परवानगी लागते हा भाग वेगळा, पण उंच केलेल्या ट्रायपॉडचा जड भाग वर असतो आणि त्याचा पाय नेमका मुलाच्या हाताच्या उंचीवर. एक ओढ पुरते. बाकाच्या पाठीवर तांदूळ भरलेली छोटी पिशवी, तीवर कॅमेरा, पट्टा मनगटात आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढ्यात १/८ सेकंदापर्यंत काम निभतं. टायमरचा आणखी एक फायदा म्हणजे बटण मुलाला दाबू देता येतं. बोटाच्या दणक्यानं बसलेला हादरा दोन सेकंदांत विरतो आणि फोटो ‘त्यानं काढलेला’ ठरतो. बाबागाडीच्या दांड्यावर कॅमेरा टेकवायचा असेल तर मूल खाली उतरलेलं आणि ब्रेक लावलेला हवा, नाहीतर प्रत्येक लाथ फ्रेममध्ये येते.

कारंज्याचं किंवा तळ्याचं पाणी मऊ दिसायला हवं असेल तर एनडी फिल्टरची (उजेड कमी करणाऱ्या गडद काचेची) गरज नाही. १/१५ सेकंदाच्या १६ फ्रेमा हातानं, बर्स्टमध्ये (बटण दाबून ठेवून सलग) काढा. घरी सॉफ्टवेअरमध्ये काठाच्या दगडावर जुळवून त्यांची सरासरी काढली की साधारण एक सेकंदाच्या एक्स्पोजरचं पाणी मिळतं, वर नॉइझ (फोटोतला दाणेदारपणा) चौथा हिस्सा होतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. वारा असेल तर पानंही मऊ होतात, त्यासाठी एका फ्रेममधली पानं मास्क करून (तेवढाच भाग वेगळा काढून) वर ठेवावी लागतात. आणि मधेच बदक पोहत आलं तर त्याची भुतं उमटतात. तेवढ्या फ्रेमा वगळायच्या.

फिल्टर घ्यायचाच तर पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) घ्या. लोक तो आकाशासाठी घेतात. बागेत त्याचं खरं काम पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांवर. पानांवरची पांढरी चकाकी गेली की हिरवा रंग वर येतो, ढगाळ दिवशीसुद्धा. किंमत एक ते दोन स्टॉप उजेडाची. वाइड लेन्सवर मात्र निळ्या आकाशात मधेच गडद पट्टा उमटतो, तेव्हा आकाश कापा किंवा फिल्टर काढा. डबक्यातलं प्रतिबिंब टिपताना तो पूर्ण फिरवलात तर प्रतिबिंबच पुसलं जातं. डबक्याचा क्रमही ठरलेला: आधी फोटो, मग उड्या. उलटं झालं तर पाणी निवळेपर्यंत थांबावं लागतं, आणि एवढा वेळ कुठलंही मूल थांबत नाही.

सामानातले धोके फोटोग्राफीच्या पुस्तकांत सहसा नसतात. छोट्या रिमोटमध्ये सीआर २०३२ सारखा चपटा सेल असतो. मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. रिमोट घरातूनच हद्दपार करा, टायमर आहे ना. शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय. पिशवीतल्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या चेन असलेल्या आतल्या कप्प्यात. कॅमेरा गळ्यात लोंबकळू देऊ नका; मुलाचे बूट बांधायला वाकलात की तो त्याच्या कपाळावर आदळतो. पट्टा खांद्यावरून तिरका घ्या आणि वाकताना लेन्सवर हात ठेवा. बाळ पुढच्या कॅरियरमध्ये असेल तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. आणि जड पिशवी बाबागाडीच्या दांड्याला टांगलेली असताना मुलाला उचललंत, तर गाडी कॅमेऱ्यासकट मागे उलटते.

लेन्सला चिकट हात लागणारच. आधी ब्लोअरनं (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्यानं) धूळ उडवा, मग मायक्रोफायबरनं पुसा. मुलांचे ओले वाइप्स लेन्सवर कधीच नको. त्यातल्या क्रीमचा थर काचेवर राहतो.

बागेत दुसऱ्यांची मुलं असतात, हेही लक्षात घ्या. टेली लेन्स खेळण्यांच्या दिशेनं वळली की पालक अस्वस्थ होतात, आणि ते रास्त आहे. ओळखू येतील असे चेहरे फ्रेममध्ये नकोत. कुणी विचारलंच तर स्क्रीन दाखवायची.

‘मग कॅमेरा कुठला घेऊ?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. घरी असेल तो. फोन असेल तर ३एक्स लेन्सनं सुरुवात करा, झाडाच्या उजळ भागावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर थोडा खाली ओढा. आयफोनवर लाइव्ह फोटो (पुढच्या-मागच्या क्षणांची हालचाल टिपणारा) काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडलं की कारंजंही मऊ येतं. त्याआधी लेन्स सदऱ्याच्या कोरड्या टोकानं पुसून घ्या. मुलाच्या हातून परत आलेल्या फोनवर बोटांचे ठसे असतातच, आणि समोरून ऊन आलं की त्यांनी सगळ्या फ्रेमवर पांढुरकी झाक चढते.