कडू झुकिनी आणि थंड सूप

उन्हाळ्यात आमच्या रेस्टॉरंटमध्ये झुकिनीचे थंड सूप केव्हा करायचे, हे बहुधा बागच ठरवते. झाडे एकदा धरू लागली की एक दिवस तोडणी राहिली तरी फळे हाताबाहेर वाढतात. त्या सकाळी माळीदादांनी आणलेल्या टोपलीत हिरव्या आणि पिवळ्या झुकिनी होत्याच, शिवाय मधे फुगीर आणि फिकट पट्ट्यांची तीन-चार फळेही होती.

चिरण्यापूर्वी प्रत्येक फळाची एक पातळ चकती कच्ची चाखायची, हा माझा नियम माझ्या मदतनिसाला अगदीच कंटाळवाणा वाटतो. त्या दिवशी पट्टेदार फळाची चकती त्याने जिभेला लावली मात्र, तोंड वेडेवाकडे करत थुंकून टाकली आणि बराच वेळ चुळा भरत राहिला. काकडी-भोपळ्याच्या कुळात आढळणाऱ्या कुकुर्बिटासिन या द्रव्याचा हा कडूपणा शिजवून जात नाही. मीठ, साखर किंवा लिंबू यांनीही ते द्रव्य नाहीसे होत नाही. असे एक फळ पातेल्यात गेले असते, तर सगळे सूप ओतून द्यावे लागले असते. असे कडू फळ पोटात गेले तर एरवी उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब यांवर भागते; पण २०१८ मध्ये फ्रान्समधील एका त्वचारोगतज्ज्ञाने नोंदवलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचे केस भोपळ्याचे कडू सूप प्यायल्यानंतर गळाले होते.

माळीदादांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. ती फळे कंपोस्टच्या ढिगाशेजारी आपोआप उगवलेल्या झाडाची होती. आदल्या वर्षी बागेत शोभेचे छोटे भोपळेही लावले होते. त्यांच्यातले बरेचसे वाण आणि झुकिनी एकाच जातीचे, कुकुर्बिटा पेपोचे, असल्याने मधमाश्यांनी एकाचे पराग दुसऱ्यावर नेले असावेत. असा संकर त्याच हंगामातल्या फळाच्या चवीत उतरत नाही, तो बियांतून पुढच्या पिढीत प्रकटतो.

या चौकशीत वेळ गेला, तरी सूप रद्द करण्याचे कारण नव्हते. उरलेली फळे पुन्हा एकेक चाखून घेतली. मोठ्यांचा बियांचा गर काढला, साल मात्र ठेवली, कारण सूपचा हिरवा रंग सालीतच असतो. कांदा तेलावर, लाल होऊ न देता, मऊ केला. लोणी घातले असते तर ते थंड झाल्यावर गोठून जिभेवर कणीदार लागले असते. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते, म्हणून फोडी जेमतेम बुडतील इतकेच पाणी घालून त्या मऊ होताच मिक्सरमधून काढल्या.

खरी घाई पुढे असते. शिजलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंश सेल्सिअसपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवे. खोल पातेल्यात ते साधत नाही, म्हणून सूप उथळ ट्रेमध्ये ओतून ट्रे बर्फात ठेवले आणि ढवळत राहिलो. सूप पूर्ण गार झाल्यावरच दही फेटून घातले. गरम असताना नेमके लागलेले मीठ आता कमी वाटत होते, कारण थंडाव्यात चव मंदावते. तेव्हा ते पुन्हा घातले. लिंबू अगदी वाढताना पिळले, नाहीतर आंबटपणाने हिरवा रंग मळकट होतो.

दुपारी माळीदादांनी ते झाड उपटले. फळे ते सवयीने कंपोस्टवर टाकायला निघाले होते. बिया तिथेच पुन्हा रुजतील म्हणून मी ती पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायला लावली.