मूठभर कणीक

अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून शेगाव म्हणजे पायी तीन दिवस. माघ वद्य सप्तमीला, प्रकटदिनाला, आमची दिंडी तिथं पोचते. गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले तो हा दिवस, २३ फेब्रुवारी १८७८. मी कृषी केंद्र चालवतो. आजवर दरवर्षी दिंडीला चहा पाजायचा, वेशीपर्यंत जायचं आणि दुकान उघडायला माघारी यायचं, एवढीच माझी वारी. यंदा मोठीमायनं धरलं. सत्तरी ओलांडलेली बाई, चालणार ती स्वतःच. "माही पिशी धरायले तं कोणी पायजे ना बाप्पा," म्हणाली.

पिशवी धरायला माझी ना नव्हती. पण वेशीवर कुणीतरी हातात टाळ दिले आणि धाबं दणाणलं. चालण्याचं भय नव्हतं, गाण्याचं होतं. पाचवीत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात गुरुजींनी मला मागच्या रांगेत ढकललं आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी ओठच हलवत आलो. आरतीत, लग्नात, पंधरा ऑगस्टला. चाळीस वर्षं झाली, बायकोलासुद्धा माझा गाण्याचा आवाज ठाऊक नाही.

दिंडीतही पहिला दिवसभर तेच केलं. पहाटे निघालो तेव्हा चंद्र डोक्यावर होता आणि थंडी बोचत होती. दोन्ही बाजूंना हरभऱ्याचे घाटे भरलेले, गहू पिवळा पडायला लागलेला. पुढे पताका, मग आम्ही टाळकरी दोन ओळींत, मध्ये मृदंग आणि विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. विणेकरी बुवा चरण म्हणायचे. मग उजवी ओळ ध्रुपद उचलायची, ती थांबली की डावी. मला वाटायचं, ही शोभेची पद्धत असेल. चढाला लागल्यावर कळलं की ही दमाची सोय आहे. एक ओळ गाते तेवढ्यात दुसरी श्वास घेते. एकट्यानं चालत चालत दोन तास गाऊन पाहा, मैलभरात छाती भरून येईल.

नेमका माझ्या समोरच्या ओळीत तो होता. दोन वर्षांपूर्वी याचं सोयाबीन उगवलं नाही आणि यानं माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, माझा उद्धार केला. बियाण्याची उधारी तेव्हापासून वहीत तशीच, बोलणंही बंद. गावात समोरून आला तर मी मोबाईल काढायचो. इथं मोबाईल पिशवीत आणि हातात टाळ म्हणून पिशवी मोठीमायच्याच खांद्याला.

मुक्काम वाडेगावला. निर्गुणा नदीकाठचं, लिंबांच्या बाजारासाठी आमच्या भागात माहीत असलेलं गाव. हरिपाठ व्हायचा होता आणि मृदंगी काका एका घराच्या दारात उभे. "ताई, मूठभर कणीक भेटन काय?" मला वाटलं यांना भूक लागली. बाई पोळ्यांची कणीक मळतच होती, तिनं गोळा तोडून दिला. काकांनी त्याला पाण्याचा हात लावला, अंगठ्यानं दाबत दाबत मृदंगाच्या डाव्या पुडीवर मधोमध गोल भाकरीसारखा बसवला. थाप मारली, कान लावला, कडेची चिमूटभर काढली, पुन्हा थाप. कणीक नसेल तर ती बाजू कोरडी ठणठण वाजते. कणीक बसली की तिच्यातून घुमारा निघतो, पोटातून आल्यासारखा. उन्हात ती सुकते, आवाज चढतो, म्हणून पुन्हा ओली करायची, नाहीतर पुढच्या गावात नवी मागायची. म्हणजे आमच्या गाण्याचा खर्ज रोज कुणाच्या तरी परातीतून येत होता. शेगावच्या संस्थानानं आमच्या भजनी मंडळाला मृदंग दिला, वीणा दिली, टाळ दिले. कणीक मात्र मागावीच लागते. ती मागावी लागते हेच बरं आहे, असं मला हल्ली वाटतं.

पहाटे काकडा करून त्याच गल्लीतून निघालो. ती बाई उंबऱ्यात उभी होती. काकांनी दणदणीत थाप दिली आणि ओरडले, "ताई, तुमची कणीक बोलून रायली!" ती पदर तोंडाला लावून हसली. मग आमची ओळ दारासमोर आली तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच ध्रुपद धरलं. खणखणीत, लाजबिज काही नाही.

मोठीमायनं त्याच वेळी मला पकडलं. "काहून रे, नुसता तोंड वाकडं करून रायला?"

"मोठीमाय, माहा आवाज बेसूर आहे."

"मंग? देवाले काय रेडिओवर लावाचा हाय?"

आमचे आजोबा गाडगेबाबांच्या कीर्तनाला बसलेले. ते सांगायचे, बाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर ओरडून द्यावं लागे, गप्प बसायची सोयच नव्हती. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आमच्याकडं अजून गावोगाव वाजते. अशा मुलखात मी चाळीस वर्षं ओठ हलवत होतो.

बाळापूरला महामार्ग ओलांडला. ट्रकांच्या हॉर्नमध्ये टाळ बुडून गेले. नंतर ऊन तापलं, डाव्या टाचेला फोड आला, सगळे मुकाट चालू लागले. एका आंब्याखाली, मोहोराच्या वासात, बुवांनी पुन्हा चरण उचलला आणि पावली धरली. दोन पावलं पुढं, एक मागं, ओळी समोरासमोर. समोरच्या ओळीतून त्या उधारीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याची ओळ गाऊन थांबली, आता आमची पाळी, आणि माझ्या शेजारचा गडी नेमका खोकत होता. जागा रिकामी पडली. मी गायलो. सुरात गायलो असं काही म्हणणार नाही. पण मोठ्यानं गायलो, आणि माझा श्वास संपला तिथून त्यानं उचललं. पुन्हा माझ्याकडं आलं. टाळाच्या दोरीनं बोट सोललं होतं तेही मुक्कामाला पोचल्यावर दिसलं. रात्री पिठलं-भाकर खाताना त्यानं ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली. बोललो काहीच नाही.

शेगावात शिरलो तेव्हा गल्लीगल्लीत दिंड्या. एकीचा ताल दुसरीत शिरत होता, "गण गण गणात बोते" चारी दिशांनी येत होतं. दर्शनाच्या रांगेत किती वेळ गेला ते मोठीमायला विचारा, तिनं हिशेब ठेवलाय. बाहेर आल्यावर काकांनी मृदंगावरची कणीक नखानं सोडवली आणि एका गाईपुढं धरली.

येताना एसटीनं आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर घशातून नुसती हवा. अकरा वाजता तो आला. वहीकडं बोट दाखवून काहीतरी बोलू लागला, तर त्याचाही घसा बसलेला. आम्ही दोघं गल्ल्यावर वाकून कुजबुजतोय आणि गिऱ्हाईकं आमच्याकडं टकामका बघतायत, भानगड काय म्हणून. तुरीचे पैसे आले की अर्धे देतो, असं त्यानं खुणेनं सांगितलं. अजून दिलेले नाहीत.