पोरांचं इन्स्टा अन् बापाचं जन्मवर्ष

ऑनलाइन सुरक्षेचे तास घ्यायचे म्हणून सातवी ते नववीच्या पोरांना एकत्र बसवून मी विचारलं, "इन्स्टाग्राम कोणाकोणाचं आहे?" एकही हात वर नाही. मग प्रश्न बदलला, "इन्स्टा उघडतं असा मोबाईल कोणाच्या घरी आहे?" अर्ध्याहून जास्त हात वर. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात मोबाईल पोराचा नसतो, घराचा असतो. सिम बाबाच्या नावावर, रिचार्ज दादा मारतो, आणि जेवणं आटोपली की तासभर तो पोराच्या हातात येतो. 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' हा धडा अशा घरात कसा शिकवायचा, इथूनच माझी सुरुवात झाली.

"मॅडम, नंबर बाबाचा हाय, मंग जन्मतारीख बी बाबाचीच टाकली," एक पोट्टा म्हणाला. १३ वर्षांखाली खातं काढता येत नाही, म्हणून पाचवी-सहावीतच हा उद्योग झालेला. भारतात २०२५ पासून १८ च्या आतल्यांना इन्स्टाग्रामवर 'टीन अकाउंट' मिळतं. खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस पोराला मेसेज टाकू शकत नाही, आणि १६ च्या आतल्यांना ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. पण कंपनीच्या लेखी आमची पोरं चाळिशी ओलांडलेली! सुरुवातीचे तास जन्मवर्ष दुरुस्त करण्यातच गेले. सातवीतल्या ज्यांची तेरा वर्षं पूर्ण व्हायची होती त्यांची खाती बंद केली, त्यावरून रुसवेही झाले.

व्हॉट्सॲपचं काम लवकर उरकलं. ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं तिथं 'माय कॉन्टॅक्ट्स', आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. स्नॅपचॅट वापरणाऱ्यांना आपलं ठिकाण लपवणारा घोस्ट मोड दाखवला, कारण लोकेशन सगळ्या मित्रांसाठी चालू ठेवलं तर नकाशावर आपण कुठं आहोत हे मित्रयादीतल्या सगळ्यांना दिसतं याची कित्येकांना कल्पनाच नव्हती.

फॉरवर्डच्या तासाला मात्र मी रेंगाळले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे मेसेज तेव्हा मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. आमच्याकडं माल घरात आला की बहुरूपी येतात, गोसावी येतात. पोरं त्यांना ओळखतात, कोणाची आजी पायलीभर ज्वारी घालते. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "आमच्या ग्रुपवर बी तसाच मेसेज आल्ता, मी पुढं धाडला होता." त्यानंतर काही वेळ कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

एवढं सगळं झालं तरी खरी अडचण वर्गाबाहेर होती. कोणी त्रास दिला तर घरी सांगाल का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: "सांगतलं त मोबाईल हिसकून घेतीन." पोरींचं उत्तर याच्याही पुढचं, "शाळाच बंद करतीन." धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्याच्याच जोरावर तो पैसे नाहीतर आणखी फोटो मागतो.

पालकांना गाठायचं तर कापूस वेचणीचे दिवस, दिवसा घरी कोण सापडणार? पुरुषांची बैठक रात्री मारुतीच्या देवळात घेतली, बायांची बचत गटाच्या बैठकीला जोडून. एक काका म्हणाले, "ऑस्ट्रेलियात त सोळाच्या आत बंदच केलं म्हणते. आपणबी मोबाईलच नाही देला त भानगडच नाही." बातमी खरी होती, पण ती सोशल मीडियाच्या खात्यांची; १० डिसेंबर २०२५ पासून तिकडं तो नियम लागू आहे. मी एवढंच विचारलं, "काका, तुमची ई-पीक पाहणी कोणी भरली?" पिकांची ही सरकारी नोंद मोबाईलवर भरतात. सगळे त्यांच्या पोराकडं पाहून हसले. ज्या पोराच्या हाती घराचे ओटीपी असतात, त्याच्यापासून मोबाईल लपवून कुठं ठेवणार? मी त्यांच्याकडून एकच कबुली मागितली, पोरगं सांगायला आलं तर मोबाईल बंद नाही, शाळाही बंद नाही. बाया लगेच हो म्हणाल्या. पुरुषांना वेळ लागला.

पुढं एका मुलीच्या डीपीवरून कोणी घाणेरडा फोटो बनवून पैसे मागितले, तेव्हा ती आईला घेऊन माझ्या घरी आली. पैसे दिले नाहीत, चॅट डिलीट केलं नाही, स्क्रीनशॉट ठेवले, मग खातं रिपोर्ट करून ब्लॉक केलं. तक्रार सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर केली. मुलांसंबंधीच्या अशा प्रकरणात तिथं नाव न देताही तक्रार करता येते. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेतही तो फोटो नोंदवला. १८ च्या आतल्यांसाठी ती आहे. फोटो मोबाईलबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो हुडकून काढतात. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आता वर्गाच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे. १९३० त्याच्या खाली, पैशांच्या फसवणुकीसाठी.

एक नवीच डोकेदुखी मात्र उभी राहिली. सुरक्षेचं निमित्त करून काही मोठे भाऊ आता बहिणींचे मेसेज तपासायला लागलेत, स्वतःचा मोबाईल मात्र कुलूपबंद. पोरी माझ्याकडं तक्रार घेऊन येतात आणि पालकांना त्यात काही वावगं दिसत नाही. दिवाळीनंतर या भावांनाच बोलावणार आहे. येतात की नाही, पाहू.