आवर्तसारणीतले कल मला असे समजले

दहावीत आवर्तसारणीवर दोन बाण काढले की काम भागायचं. आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे अणुत्रिज्या कमी होते, गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, वरून खाली वाढते. अकरावीला सायन्स घेतलं आणि बाण वाढतच गेले. आयनीकरण ऊर्जेचा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) एक, विद्युतऋणतेचा (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) दुसरा, इलेक्ट्रॉन बंधुतेचा (जादा इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जाबदल) तिसरा. वर प्रत्येकाला अपवाद. पाठ करावं तर चार दिवसांत सगळं एकमेकांत मिसळून जायचं.

मग पाठांतर बाजूला ठेवलं आणि एकट्या अणुत्रिज्येच्या मागे लागले. लिथिअमपासून निऑनपर्यंत बाहेरचं कवच दुसरंच असतं. एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो, तरी अणू आकसतो. लिथिअमची त्रिज्या 152 पिकोमीटर, ऑक्सिजनची 66. असं का? तर तिकडे केंद्रकातले प्रोटॉनही 3 चे 8 होतात, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांवरची केंद्रकाची ओढ फारशी अडवत नाहीत. म्हणून सगळेच आत खेचले जातात. तेव्हापासून कुठलाही कल आला की मी आधी हेच विचारते: सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची ओढ किती, आणि आतली कवचं त्यातली किती अडवतात?

याची प्रचीती कॉलेजच्या लॅबमध्ये आली. मॅडमनी रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने सोडियम काढलं, फिल्टर पेपरवर टिपलं आणि सुरीने कापलं. कापलेली बाजू लख्ख चमकली आणि बघता बघता मंद पडली. मसुराएवढा तुकडा पाण्यात टाकला, तर त्याची गोळी होऊन तो पाण्यावर सुसाट फिरायला लागला. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक) होतं, त्यामुळे मागे गुलाबी रेघ उमटत गेली. शेजारच्या बीकरमध्ये मॅग्नेशियमची फीत गार पाण्यात नुसती पडून होती. सारणीत दोघं शेजारी! सोडियमचा बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 496 किलोज्यूल लागतात, मॅग्नेशियमचा पहिला काढायला 738, आणि त्याला तर दोन सोडावे लागतात.

त्यानंतर पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या आयनीकरण ऊर्जेचा आलेख काढला. आडव्या अक्षावर अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या), उभ्यावर ऊर्जा. हेलिअम, निऑन, अरगॉन ही शिखरं. लिथिअम, सोडियम, पोटॅशियम या दऱ्या. कवच बदललं की धाडकन उतार. पण खरी मजा चढणीतल्या छोट्या खाचांत होती. बेरिलिअमचे 900 आणि पुढच्या बोरॉनचे 801. नायट्रोजनचे 1402 आणि ऑक्सिजनचे 1314. दुसऱ्या कवचात 2एस आणि 2पी अशी दोन उपकवचं असतात. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन 2पी मध्ये जातो, तो 2एस पेक्षा वरच्या ऊर्जेचा, म्हणून सुटायला सोपा. ऑक्सिजनमध्ये 2पी चा चौथा इलेक्ट्रॉन एका ऑर्बिटलमध्ये (उपकवचातली दोन इलेक्ट्रॉन मावतील एवढी जागा) जोडीने राहतो, तिथे प्रतिकर्षण वाढतं. त्याच खाचा एक ओळ खाली ॲल्युमिनिअमला आणि गंधकाला पुन्हा दिसल्या, तेव्हा या सारणीला आवर्ती का म्हणतात ते डोळ्यांसमोर होतं. ज्यांना मी अपवाद म्हणून घोकत होते, त्यांनीच उपकवचं शिकवली. हा आलेख प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काढावा. छापील बघून ते होत नाही.

आडवा अक्ष अणुअंकाचा असणं किती मोलाचं आहे, हेही इथेच कळलं. अरगॉनचं अणुवस्तुमान 39.95, पोटॅशियमचं 39.10. वस्तुमानाने मांडणी केली असती तर दरी आधी आणि शिखर नंतर आलं असतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 साली वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने सारणी मांडली. 1913 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोसलेने क्ष-किरणांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की खरा क्रम अणुअंकाचा. दोनच वर्षांनी, अवघ्या 27 व्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. हे वाचून फार हळहळ वाटली.

सीईटी या प्रवेश परीक्षेच्या सरावात ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडियम, मॅग्नेशियम हे आयन (इलेक्ट्रॉन घेतलेले किंवा सोडलेले अणू) आकारानुसार लावायचा प्रश्न हमखास येतो. चौघांकडे इलेक्ट्रॉन दहाच, प्रोटॉन 8, 9, 11 आणि 12. जितके प्रोटॉन जास्त तितकी ओढ जास्त, म्हणून ऑक्साइड सर्वांत मोठा आणि मॅग्नेशियमचा आयन सर्वांत लहान. आता यासाठी एकही बाण आठवावा लागत नाही.