लादीला घाम येईपर्यंत

आमच्या शिल्पकला विद्यालयाच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दरवर्षी दोन दिवस चालायचा. पहिला दिवस भेटीगाठींचा, प्रात्यक्षिकांचा. दुसरा बर्फशिल्प स्पर्धेचा. गर्दी व्हायची ती दुसऱ्या दिवशी. मी मात्र अकरा वर्षं डोळे लावून बसायचे ते मधल्या रात्रीकडे. त्या रात्री लाद्या यायच्या.

पहिल्या वर्षी कुणी काही समजावत बसलं नाही. तयारीचं सगळं पाहणाऱ्या ताईंनी हातात रबरी मोजे दिले आणि म्हणाल्या, "चिमट्याची ती बाजू धर. आणि लादी सुटली तर अडवायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. लादी दुसरी मिळते, पाय मिळत नाही." 40 इंच लांब, 20 इंच रुंद, 10 इंच जाड अशी ती लादी. दिसायला जुन्या ट्रंकेएवढी, पण वजन सव्वाशे किलोच्या आसपास. फळीवरून ढकलगाडीत आणि ढकलगाडीतून थंड खोलीत, एवढ्याच प्रवासाला आम्हा चौघांना घाम फुटायचा. ताईंचं ते वाक्य पुढे मी दरवर्षी प्रत्येक नव्या मुलाला जसंच्या तसं ऐकवत आले.

बर्फ काकांच्या ताब्यात असे. आयुष्यभर शीतगृहात काम केलेला माणूस. त्यांचा कोरीवकामाशी काही संबंध नव्हता, पण बर्फाशी होता. त्या पहिल्या रात्री त्यांनी मला दोन लाद्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एक नेहमीच्या कारखान्यातली. तिच्या पोटात पांढरा, पिसासारखा पसरलेला पट्टा. दुसरीच्या मागे त्यांनी आपला हात धरला, तर तळहातावरच्या रेषा मोजता येत होत्या.

"हा पांढरा पट्टा म्हणजे काय, सांग बघू."

"मळ असेल," मी म्हटलं.

"हवा आहे ती. पाणी गोठताना हवेला बाहेर ढकलतं. डब्यात चहूबाजूंनी गोठलं की बिचारी हवा जाणार कुठे? मधे अडकते."

म्हणून स्पर्धेच्या लाद्या वेगळ्या यंत्रात लावायच्या. त्यात थंडावा फक्त तळातून मिळतो आणि वरचं पाणी पंपाने सतत हलतं ठेवतात. बर्फ खालून वर चढत जातो आणि हवा, क्षार, जे काही असेल ते वरच्या पाण्यात राहतं. शेवटी तेवढं पाणी काढून टाकायचं. एका लादीला तीन-चार दिवस लागतात. मेळाव्याला आठवडे उरले असतानाच काकांचं काम सुरू व्हायचं ते यामुळे. अलास्कातल्या फेअरबँक्सच्या स्पर्धेत तळ्यातून कापलेला बर्फ वापरत आले आहेत, तोही असाच नितळ, कारण तिथे थंडी एकाच बाजूने, वरून येते आणि हवा खालच्या पाण्यात जाते. "आपलं यंत्र म्हणजे उलटं केलेलं तळं," काका म्हणायचे. मला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर मी उलटं तळंच काढलं.

चौथरे मांडणं, तारा ओढणं या कामांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत फळ्यांखाली पाचरी मारायच्या, कारण तिरक्या चौथऱ्यावरचं शिल्प वितळता वितळता एका बाजूला सरकतं. वर ओलं गोणपाट, म्हणजे लादी घसरत नाही. विजेच्या तारा जमिनीवर एकही नको, सगळ्या डोक्यावरून, आणि साखळी करवतीच्या प्रत्येक जोडणीला गळती पकडणारा ब्रेकर. पाण्याला वाट. एक लादी म्हणजे अखेर जवळजवळ सव्वाशे लिटर पाणी, आणि आमच्याकडे लाद्या असायच्या बारा, शिवाय दोन राखीव.

खरी रात्र सुरू व्हायची त्यानंतर. शीतगृहातून आलेली लादी उणे 18 अंशांवर असते. तिला थेट उघड्यावर आणलं तर बाहेरचा थर पटकन प्रसरण पावतो, आतला गाभा तसाच आखडलेला राहतो आणि त्या ओढाताणीत लादी तडकते. म्हणून तिला आधी कमी थंड खोलीत नुसती उभी ठेवायची. सुरुवातीला अंगावर पांढरी भुकटी धरते, आरपार काही दिसत नाही. मग तासांमागून तास जातात. भुकटी हळूहळू विरते, पृष्ठभाग ओला होतो, आणि अचानक लादीपलीकडची भिंत दिसू लागते. काका याला "लादीला घाम आला" म्हणत. घाम आल्याशिवाय छिन्नी लावायची नाही.

हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, आणि कळलं ते माझ्या हातून चूक झाल्यावर. शेवटची लादी उशिरा आली होती. पहाट होत आली होती, सगळे दमले होते, आणि ती एकच अजून पांढरीफटक उभी. मला वाटलं, पुसून घेतली की झालं. नळाखाली मग भरला आणि तिच्या अंगावर ओतला. आधी बारीक कडकड झाली, मग आत एक पांढरी रेघ पळाली. वरच्या कोपऱ्यातून निघाली, वळली आणि तळाशी पोचली. डोळ्याची पापणी लवायच्या आत. रिकामा मग माझ्या हातात तसाच राहिला.

काका आले. रागावले नाहीत. मोजा काढून त्यांनी तळहात त्या रेघेवर ठेवला, मग माझा हात धरून तिथे टेकवला. वरून काहीच लागत नव्हतं, लादी गुळगुळीत होती. "तडा आत आहे," ते म्हणाले. "कोरणाऱ्याला हा अर्ध्या कामात सापडला असता, तेव्हा त्याचं काय झालं असतं?" राखीव लादी आम्ही दोघांनी लावली. त्यानंतर दरवर्षी शेवटच्या लादीजवळ जागायचं काम मी मागून घेतलं. त्या खोलीत एक स्टूल होतं. त्यावर शाल पांघरून बसायचं, अधूनमधून लादीमागे विजेरी धरून पाहायचं आणि उजेड आरपार आला की काकांना उठवायचं. एवढं निवांत आणि एवढं जबाबदारीचं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

ताईंना इतिहासाची हौस. तयारीच्या पहिल्या बैठकीत त्या जपानमधल्या सापोरो शहराची गोष्ट हमखास सांगायच्या. 1950 मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाची सहा शिल्पं उभी केली आणि त्यातून आजचा एवढा मोठा हिमोत्सव वाढला. भुसभुशीत बर्फातली शिल्पं ती, आमच्यासारखी लादीतली नव्हेत, पण "सहा मुलांनी नाही, सहा शिल्पांनी सुरुवात झाली, नीट ऐका" असं त्या दर वर्षी बजावत आणि आम्ही दर वर्षी मान डोलावत असू.

एका वर्षीची सकाळ मात्र सगळ्यांहून जास्त लक्षात आहे. लाद्या चौथऱ्यांवर होत्या, वर ताडपत्री. तिची एक दोरी सैल राहिली होती आणि फटीतून उन्हाची तिरीप नेमकी एका लादीवर पडली होती. अर्धा तास पडली असेल. बाहेरून लादी धडधाकट, पण आत धुकं धरल्यासारखं दिसत होतं. सगळ्यांचे चेहरे उतरले. ताईंनी भिंग आणलं आणि मला बोलावलं.

आत फुलं होती. तांदळाच्या दाण्याएवढी, सहा सहा पाकळ्यांची, सगळी एकाच पातळीत पसरलेली, जणू अदृश्य काचेवर कुणी मांडून ठेवलीत. प्रत्येकाच्या मधे चांदीसारखा एक ठिपका. ऊन बर्फात शिरतं तेव्हा तो आतूनही वितळू लागतो, आणि स्फटिकाची घडणच षट्कोनी असल्यामुळे वितळणंही सहा पाकळ्यांनी होतं. बर्फाचं पाणी झालं की त्याला कमी जागा लागते. उरलेली पोकळी म्हणजे तो चकाकणारा ठिपका. जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने 1858 मध्ये यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना टिंडॉलची फुलं म्हणतात. ती लादी स्पर्धेतून बाद झाली. आम्ही ती सावलीत बाजूला ठेवली, शेजारी भिंग बांधलं आणि दिवसभर मुलांची रांग लागली. दोरी कुणी बांधली होती हे काकांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. बांधणाऱ्या मुलाने संध्याकाळी स्वतःहून येऊन सांगितलं.

स्पर्धा सुरू झाली की आम्ही पडद्याआड. कोरणारे करवत चालवत, आम्ही खाली पडलेला कीस फावड्याने ओढत असू. तो सगळा टाकायचा नसतो. थोड्या पाण्यात कालवला की लगदा होतो आणि सांधे बुजवायला तोच लागतो. दोन तुकडे जोडायचे तर कोमट ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्ही बाजूंवरून फिरवून त्या अगदी सपाट करायच्या आणि एकमेकींवर टेकवून दाबून धरायचं. धरणारे हात आमचे. एकदा एका पक्ष्याचा पंख मी असा धरून उभी होते. कोरणारी मुलगी पुटपुटत आकडे मोजत होती. तिने "सोडा" म्हटलं, मी हात काढले आणि पंख राहिला. बोटं बधिर झाली होती, तरी हात झटकावेसे वाटले नाहीत.

संध्याकाळी दिवे लागत. चौथऱ्यांखालून, थंड प्रकाशाचे, कारण साध्या बल्बच्या उष्णतेने शिल्प तळातून पोखरलं जातं. लोक पुढच्या बाजूने येत, आम्ही मागे बादल्या बदलत असू. दगडाच्या, लाकडाच्या शिल्पामागे उभं राहिलं तर पाठ दिसते. बर्फाच्या मागे उभं राहिलं की समोरची माणसं दिसतात. पंखातून, माशाच्या खवल्यांतून, घोड्याच्या मानेतून त्यांचे चेहरे आमच्याकडे यायचे, वाकलेले, लांबट, कुठे एकाचे दोन झालेले. शेवटच्या वर्षी एक छोटी मुलगी त्या पक्ष्याच्या पोटाला नाक लावून उभी राहिली. तिचा एक डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. तिने बर्फावर तळहात ठेवला. या बाजूने मीही ठेवला. तिला तो दिसला असावा, कारण ती दचकली, हसली आणि आईला बोलवायला पळाली. आई येईपर्यंत काकांनी हाक मारली, "अगं, सात नंबरची बादली भरली," आणि मी गेले.