जुलैतलं काचघर

लिव्हरपूलच्या सेफ्टन पार्कात एक काचघर आहे. 1896 सालचं, अष्टकोनी, तीन मजले चढत गेलेलं, आत छताला भिडणारे ताड. 1941च्या बाँबवर्षावात त्याच्या काचा फुटल्या, 1950 साली नव्या बसवल्या, पण पुढं सांगाडा गंजत गेला, ते बंद पडलं आणि 2001 साली दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं. ह्या शहरातला अरब कला महोत्सव 1998 पासूनचा, बहुधा जुलैत भरणारा. त्यात सिनेमे असतात, मैफली असतात, ब्लूकोट कलाकेंद्राच्या जुन्या इमारतीत प्रदर्शनं लागतात. पण सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो काचघरातल्या कुटुंबमेळ्यात. तिकीट नाही, त्यामुळे बाबागाड्या, आजीबाई, कुत्र्याला फिरवायला आलेले आणि चुकून आत शिरलेले, सगळेच तिथं असतात.

लिव्हरपूलमध्येच हे का, तर इथल्या अरबांत येमेनी जुने. येमेनच्या एडन बंदरात आगबोटींना कोळसा टाकणारे खलाशी भरती होत, त्यांतले काही इथं उतरले आणि राहिले. पुढं नाक्यावरची वर्तमानपत्रांची कितीतरी दुकानं येमेनी कुटुंबांनी चालवली. मराठी माणसाला एडन परकं वाटू नये: 1839 ते 1932 ते मुंबई इलाख्यातच होतं, आणि वासुदेव बळवंत फडके 1883 साली तिथल्याच कैदेत वारले.

महोत्सवाच्या आखणीत सर्वांत आधी भांडण तारखेचं. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र. आपल्याकडे अधिक मास येऊन गाडी रुळावर आणतो, तिथं तशी सोय नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2013 ते 2015 हे सलग तीन जुलै त्यानं गाठले. इथं जुलैच्या आरंभी सूर्य मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे दिवसभराचा खाण्याचा मेळा बाद, आणि संध्याकाळी सातचा सिनेमा ठेवला तर प्रेक्षकांचं लक्ष घड्याळाकडे. अशा वर्षी कार्यक्रम पुढं-मागं सरकवणं हाच उपाय. रेटून नेलं की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

सिनेमाची गोष्ट वेगळी. ‘अरबी सिनेमा’ म्हटलं की सगळ्या अरबांना तो कळणार असं बाहेरच्याला वाटतं. मोरोक्कोची दारिजा बोली येमेनची राजधानी सना, तिथल्या माणसाला जेमतेम कळते. इजिप्तची कळते, कारण कैरोच्या पडद्यानं ती घरोघरी पोचवली. म्हणून पडद्याखालची इंग्रजी अक्षरपट्टी (सबटायटल) ही नुसती इंग्रजांची सोय नसते, अर्धे अरबही तीच वाचत असतात. इजिप्तच्या बोलीत अशक्य कोटीतल्या थापेला ‘फीलम हिंदी’ म्हणतात, हे कळल्यावर आपण रागवावं की हसावं, ठरवता येत नाही.

अरबी अक्षरपट्टी लावायची झाली तर ती आधी पडद्यावर चालवून बघावीच. संगणकावर नीट दिसलेली ओळ थिएटरच्या यंत्रात गेली की अक्षरं एकमेकांचा हात सोडतात, सुटी सुटी उभी राहतात. आणि प्रश्नचिन्ह डावीकडून उडी मारून उजव्या टोकाला जातं. अरबी लिपी जोडून लिहायची, उजवीकडून डावीकडे, आणि यंत्राला हे सांगितलेलं नसतं. ओळच चित्र म्हणून पाठवली की प्रश्न मिटतो.

दुसरा घोळ किल्लीचा. डिजिटल प्रत शंभर-दोनशे गिगाबाइटची, कुलूपबंद येते. तिची किल्ली म्हणजे वेगळी छोटी फाइल, आणि ती एकाच यंत्रासाठी, ठरावीक तासांपुरतीच चालते. गर्दी वाढली म्हणून शेवटच्या घटकेला मोठ्या पडद्यावर हलवलं की यंत्र बदललं, किल्ली गेली. जुलैत ब्रिटनचं घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढं असतं. पाठवणाऱ्यानं ते विसरून किल्ली काढली की सातच्या खेळाला कुलूप आठला उघडतं. आदल्या दिवशीच प्रत यंत्रात उतरवून पहिली दहा मिनिटं आणि शेवटची पाच बघून घ्यावीत. मधलं देवाच्या हवाली.

वादकांना काचघर आवडतं आणि छळतंही. ऊन आलं की काचेखाली तापतं, ढग आला की गार. औद म्हणजे फुगीर पोटाचं, छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य; त्याच्या तारा (बहुधा अकरा: पाच जोड्या आणि एक एकटी खर्जाची) दर गाण्याला उतरतात. कानूनचं, म्हणजे मांडीवर आडवं ठेवून छेडायच्या तंतुवाद्याचं, दुखणं त्याहून मोठं. त्याच्या सव्वीस सुरांना प्रत्येकी तीन तारा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर, आणि घोडी उभी असते ती कातड्यावर. हवा दमट झाली की कातडं सैलावतं आणि सगळंच वाद्य एकदम उतरतं. म्हणून वादकाला अर्धा-पाऊण तास आधी, त्याच जागी, त्याच हवेत बसू द्यायचं. खोलीत लावून आणलेलं वाद्य इथं टिकत नाही. कानूनवर सूर किंचित चढवायला-उतरवायला पितळी खटके असतात, आणि तुर्कीत त्यांना म्हणतात ‘मंडल’! प्रत्येक मंडळात बारीकसारीक खटके असतातच, हे तुर्कांना आधीच ठाऊक होतं.

मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागच म्हणा. रास्त मकामचा गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोहोंच्या मधला. साध्या कीबोर्डवर तो सूर नाहीच. घाईत कुणी तसा कीबोर्ड साथीला बसवला की म्हाताऱ्या श्रोत्यांचे चेहरे बघवत नाहीत.

सुलेखनाच्या टेबलाशी मराठी माणूस मात्र घरी आल्यासारखा उभा राहतो. तिथली लेखणी म्हणजे आपला बोरूच. कलम, दौत हे शब्दही तिकडूनच आलेले. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा, लीका, ठेवलेला असतो. बोरू त्यावर टेकवायचा, बुडवायचा नाही, म्हणजे शाई बेताची लागते. अक्षराचं माप त्याच बोरूनं काढलेल्या तिरप्या ठिपक्यांत: सुलुस शैलीतलं अलिफ हे अक्षर साधारण सात ठिपके उंच, नस्खचा पाच. साधा छपाईचा कागद वापरला की शाई फुटते आणि पोरं हिरमुसतात. गुळगुळीत, खळ दिलेला कागद हवा.

आता खाणं, कारण खरी रांग तिथंच. येमेनी सल्ता, म्हणजे मांसाचा रस्सा, दगडी भांड्यात उकळत येते आणि तिच्यावर मेथीचा पांढरा फेस, हुल्बा. दोन चमचे मेथीपूड कपभर पाण्यात तीन-चार तास भिजवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला गाळ हातानं फेटत राहायचं, फुलून पांढरा होईपर्यंत. भिजवण्यात घाई केली तर कडू होतो आणि फेसही धरत नाही. सोबत सहावेक, म्हणजे टोमॅटो घातलेला ठेचाच. लहूह तर सरळ आपली आंबोळी: पीठ आंबवलेलं, एकाच बाजूनं भाजलेलं, वर जाळी. तिच्यावर पुदिना, कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची वाटलेलं ताक ओतून मुरवलं की शफूत. ताक दाट राहिलं तर जाळीत उतरत नाही, आंबोळी गरम असली तर तिचा लगदा होतो. बिंत अस-सह्न ह्या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘ताटाची लेक’: तुपाचे पातळ पदर, वर कलौंजी आणि मध. एवढ्या सुंदर नावाचा पदार्थ पहिल्या तासात संपतो ह्यात नवल नाही.

दुपार उतरली की दबके. शाम देशातली, म्हणजे सीरिया-लेबनॉन-पॅलेस्टाईनकडची, मातीची धाब्याची छपरं पावसाआधी शेजाऱ्यांनी मिळून पायांनी चोपायची, त्यातून हा नाच आला असं सांगतात. हातात हात घालून रांग उजवीकडे सरकते, टोकाचा म्होरक्या रुमाल फिरवतो. पावलं सहा आणि ठेका चाराचा, म्हणून नवख्याची दुसऱ्याच आवर्तनात गाडी घसरते. मोजायचं नाही, शेजाऱ्याच्या गुडघ्याकडे बघायचं. बाहेर हिरवळीवर नाच नेला की पायाचा आवाज गवतात मुरतो. लाकडी फळ्या अंथरल्या की खणखणतो. येमेनींच्या ‘बरा’ नाचात हातात जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, असतो. गर्दीत उघडं पातं नको, लाकडी जंबिया चांगला.

आणि कॉफी. ह्यावर एकमत कधीच होत नाही. लेबनॉनच्या लोकांना गाळासकट काळी हवी, आखातातल्यांना वेलदोड्याची फिकी पिवळी, आणि येमेनी म्हणतात, मोखा बंदर आमचं, तुम्ही काय सांगता. पण ते स्वतः पितात किश्र, कॉफीच्या वाळल्या सालींचा आल्याचा काढा. तिन्ही भांडी ठेवावी लागतात. आखाती कॉफीला दल्ला, म्हणजे चोचीची कॉफीची किटली, डाव्या हातात, पेला उजव्या, आणि पेला तळापासून तिसऱ्या हिश्शाइतकाच भरायचा. काठोकाठ भरला तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. रिकामा पेला नुसता परत दिला की तो पुन्हा भरून येतो. पुरे असेल तर मनगटानं दोनदा हलवायचा. हे ठाऊक नसलेले पाहुणे भिडेपोटी पाच-पाच पेले रिचवतात, आणि वाढणारे काका गालात हसत दल्ला पुन्हा तिरपा करतात.