टँकरच्या नोंदवहीतला पाचवा रकाना

धायरीतील आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जाड नोंदवही ठेवलेली असते. टँकर किती वाजता आला, गाडीचा क्रमांक काय, टाकी काठोकाठ भरलेली होती का आणि पाणी उतरवून घेताना कोण हजर होते, असे चार रकाने तिच्यात वर्षानुवर्षे होते. २०२५च्या फेब्रुवारीत आम्ही पट्टीने पाचवा रकाना आखला आणि त्यावर ‘क्लोरीन’ असे लिहिले.

धायरीचा समावेश पुणे महापालिकेत २०१७ मध्ये झाला. खडकवासला धरण येथून जेमतेम आठ-दहा किलोमीटरांवर आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि शहराची तहान मुख्यतः त्यावरच भागते. तरीही आमच्या ७२ सदनिकांना नळाचे पाणी दिवसाआड, तेही तासाभरापुरते येते. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा निकष धरला आणि घरटी चार माणसे मोजली, तर आमची रोजची गरज सुमारे ३९ हजार लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत पाण्याची व्यवस्था आपण करू, असे हमीपत्र बिल्डरने दिले होते. परंतु सोसायटी आमच्या ताब्यात आली आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येऊन बसला. मिळकतकर आम्ही वेळेवर भरतो, तो वेगळाच.

२५ जुलै २०२४ हा दिवस मला विसरता येत नाही. खडकवासल्यातून मुठेत सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या इमारतींचे तळमजले बुडाले होते, लोकांना बोटींतून बाहेर काढले जात होते, आणि त्याच सकाळी मी आमच्या कोरड्या टाकीशेजारी उभा राहून टँकरवाल्याला फोनवर फोन करत होतो.

पण तोवर आमची चिंता पाणी किती येते एवढ्यापुरतीच होती. २०२५च्या जानेवारीत गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण आढळू लागले आणि त्यांतले बरेचसे नांदेड, किरकटवाडी, धायरी या आमच्याच पट्ट्यातले निघाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका तरुणाला पायऱ्या चढता येईनाशा झाल्या, तेव्हा सर्वांच्या मनात एकच प्रश्न आला : आपण रोज पितो ते पाणी नेमके कोठून भरून येते?

टँकरचालकाला विचारले, तर तो कधी विहीर म्हणे, कधी बोअर, कधी ‘पॉइंट’. पावतीवर फक्त रक्कम असे. मग गावाकडे ग्रामपंचायतीचे पाणी तपासताना पाहिलेली ओटी टेस्ट मला आठवली; पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन आहे का, हे तिच्यातून कळते. काचेच्या लहान नळीत टँकरच्या तोटीचे पाणी धरायचे, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होते. पहिल्या दिवशी मी नळी उजेडाकडे धरून पाच मिनिटे उभा होतो. पाणी जसेच्या तसे बिनरंगाचे राहिले. चालक माझ्याकडे पाहत म्हणाला, “काका, पाणी स्वच्छ आहे की, बघा ना, आरपार दिसतंय.” त्याचा यात काहीच दोष नव्हता, कारण त्यालाही कोणी कधी सांगितले नव्हते.

आता क्लोरीन नसलेला टँकर आम्ही परत पाठवत नाही, कारण परत पाठवला तर संध्याकाळी कोणाच्याच घरी पाणी नसेल. जमिनीखालच्या टाकीत टीसीएल पावडरचे (ब्लीचिंग पावडरचे) निवळलेले द्रावण मोजून घालतो, किमान अर्धा तास थांबतो, पुन्हा नळी भरून पाहतो आणि मगच पंप सुरू करतो. हे काम दोन निवृत्त गृहस्थ आणि एक गृहिणी पाळीने करतात.

टँकर जेथे भरतो, त्या जागेचे नाव आणि तेथील क्लोरीनचे त्या दिवशीचे प्रमाण पावतीवर छापलेले असावे आणि ते तपासण्याची जबाबदारी महापालिकेने घ्यावी, असा लेखी अर्ज आम्ही नोंदवहीच्या सहा महिन्यांच्या प्रती जोडून दिला आहे. अर्जाची पोच मिळाली, उत्तर अद्याप आलेले नाही. काल चार टँकर आले. पाचव्या रकान्यात तिघांपुढे ‘नाही’ लिहिले आहे आणि एकापुढे ‘फिकट पिवळा’.